दुकानाचा शेअर आणि कामगाराचा पैसा



युनियनवाल्यांनी शेअरवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. पण ऑगस्ट २०१५ पासून प्रॉव्हिडंट फंडात येणाऱ्या पैशातला काही भाग शेअरबाजारात जातो. सेन्सेक्स-निफ्टीच्या वाटेने साबणवाल्या कंपन्यांचे भागीदार आम्ही झालोच आहोत; मग ताळेबंद वाचायला नको?

दुकानदारीत एकूण विक्रीला भुलू नये. नवी दुकाने उघडली की ती फुगतेच. जुन्या दुकानांत विक्री वाढली काय, माल किती दिवस पडून राहतो, भाडे व कर्ज किती, हे पाहावे. २००१ साली निघालेल्या बिग बझारचा झगमगाट आम्ही पाहिला. भाडी थकली, कर्ज थकले, आणि २०२२ मध्ये ते चालविणारी कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. उलट, २००२ मध्ये पवईत सुरू झालेल्या डी-मार्टने शक्यतो जागा विकतच घेतल्या. २०१७ साली २९९ रुपयांना दिलेला त्याचा शेअर पहिल्याच दिवशी सहाशेवर गेला. पण दुकान चांगले म्हणून शेअर स्वस्त, असे नव्हे! नफ्याच्या किती पट भाव मोजतो, ते आधी पाहावे.

आणखी एक आकडा आम्ही शोधतो, दलाल सहसा शोधत नाहीत: कायम कामगार किती, कंत्राटी किती? बाजारातल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून तो वार्षिक अहवालात छापावाच लागतो.