यंत्राचे वय ठरविणार कोण?

(अंबड, नाशिक येथील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



यंत्र म्हातारे केव्हा होते? अर्थशास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर कोणताही टर्नर देईल. लेथचा बेड झिजतो, बेअरिंग वाजू लागते, स्पिंडल सैल होतो आणि काम मापात निघेनासे होते. ही शारीरिक झीज. दुसरे उत्तर कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात मांडले. यंत्र धडधाकट असते. परंतु तसेच यंत्र स्वस्तात तयार होऊ लागते, किंवा त्याहून सरस यंत्र बाजारात येते, आणि जुन्याचे मूल्य घटते. या झिजेला मार्क्सने नैतिक झीज म्हटले.

संगणकाने या दोहोंत तिसऱ्या झिजेची भर घातली आहे. यंत्र झिजलेले नसते. ज्या कामासाठी ते घेतले, ते काम अद्याप चोख होत असते. तरीही दूरच्या एका कार्यालयातून तारीख जाहीर होते आणि त्या तारखेनंतर ते यंत्र वापरणे धोक्याचे ठरते. ही फर्मानाने होणारी झीज आहे. तिचा विचार अंबडमध्ये व्हावयास हवा, कारण तिचा भुर्दंड बड्या कारखान्यापेक्षा लहान गाळ्यालाच अधिक बसतो.

ताजे उदाहरण घ्यावे. संगणकातील सर्व यंत्रणा चालविणारा जो पायाभूत कार्यक्रम असतो, त्याला कार्यप्रणाली म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही कार्यप्रणाली जुलै २०१५ मध्ये आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकाला पैसे भरून अथवा काही अटी मान्य करून आणखी एका वर्षाची मुदत मिळाली, एवढेच. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा असावा लागतो. त्याआधीचा संगणक कितीही सुस्थितीत असो, कंपनीच्या यादीत तो बसत नाही. देखभाल थांबलेली कार्यप्रणाली दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. परंतु तिच्यात सापडणारी सुरक्षेची छिद्रे बुजविली जात नाहीत. असा संगणक इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे गाळ्याचे शटर अर्धे उघडे ठेवून घरी जाणे होय.

अंबड आणि सातपूर या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग करून देणारे असंख्य लहान उद्योग आहेत. अशा गाळ्यातल्या संगणकावर ड्रॉइंग पाहिले जाते, चलन निघते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते. कामगार संघटनेच्या कचेरीतही असाच एखादा संगणक असतो. हे सारे संगणक एका तारखेसरशी भंगार झाले असे मानावयाचे काय? अंबड-सातपूर लिंक रोडवरील भंगार बाजार नाशिककरांच्या परिचयाचा आहे. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने तो हटविला, तरी पुढे तेथे पुन्हा दुकाने उभी राहिली. उठविला तरी हा बाजार पुन्हा भरतो, कारण त्याला माल पुरविणारी व्यवस्था कायम आहे. चालता संगणक भंगारात जातो तेव्हा त्यातले तांबे वितळवून मिळते. त्यात साठलेले श्रम मात्र मातीमोल होतात.

यावर पर्याय आहे, आणि तो आजचा नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहावयास घेतली. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखीच, पण सर्वांना वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी कार्यप्रणाली उभारण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रसिद्ध केला. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी या साऱ्याची नीट बांधणी करणारा डेबियन प्रकल्प सुरू केला. डेबियन कोणा कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे सुमारे हजार सदस्य ती सांभाळतात. त्यांची लिखित घटना आहे, आणि प्रमुखाची निवड दरवर्षी मतदानाने होते. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे.

डेबियनची नवी आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी येते. बारावी आवृत्ती ‘बुकवर्म’ जून २०२३ मध्ये आली, तेरावी ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी. जुन्यावरून नव्यावर जाण्यासाठी संगणक पुसून काढावा लागत नाही. आहे त्या संगणकावर, आहे त्या कागदपत्रांसह, हाताने आज्ञा देत हे काम करता येते. ते कसे होते हे कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, कारण या प्रश्नाचे राजकारण त्या तपशिलातच दडलेले आहे.

पहिली पायरी म्हणजे सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे, आणि ती प्रत उघडते की नाही हे पाहणे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. दुसरी पायरी वाचनाची. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदलले, काय वगळले, कोठे अडचण येईल याची टिपणे प्रसिद्ध होतात. ती आधी वाचावयाची. तिसरी पायरी म्हणजे आहे ती आवृत्ती पूर्णपणे अद्ययावत करणे आणि डिस्कवर पुरेशी जागा आहे ना ते पाहणे. मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. अकरावीवरून बारावीवर आणि मगच तेरावीवर जावे लागते.

मग एका साध्या मजकूर-फाइलमध्ये, जेथून कार्यक्रम मागवावयाचे त्या कोठाराच्या नोंदीत, ‘बुकवर्म’ हा शब्द बदलून ‘ट्रिक्सी’ लिहावयाचा. त्यानंतर कोठाराची यादी ताजी करण्याची आज्ञा. मग नवे काही न वाढविता केवळ असलेले कार्यक्रम सुधारण्याची आज्ञा. आणि शेवटी पूर्ण सुधारणेची. हे काम चित्रमय पडद्यावरून न करता साध्या अक्षरी पडद्यावरून करणे श्रेयस्कर, कारण मध्येच तो चित्रमय पडदाच बदलला जात असतो. वाटेत संगणक प्रश्न विचारतो: या ठिकाणी तुम्ही स्वतः केलेली मांडणी ठेवू, की नवी घेऊ? न वाचता कळ दाबणाऱ्याचा प्रिंटर दुसऱ्या दिवशी बंद असतो. काम संपल्यावर संगणक पुन्हा सुरू करावयाचा. नवा कर्नेल चालला नाही, तर जुना अद्याप जागेवर असतो आणि सुरुवातीच्या यादीतून तो निवडता येतो. म्हणून हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, वीज गेली तरी थोडा वेळ तग धरणारा यूपीएस जोडून, घाई न करता करावे.

जुन्या संगणकाच्या स्वतःच्या काही खोडी असतात. पुष्कळदा सुधारणा पहिल्याच आज्ञेला अडते आणि कोठाराची यादी ‘अजून वैध नाही’ असा निरोप येतो. दोष कोठाराचा नसतो. आतल्या पट्टीवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपलेला असतो, घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते, आणि कोठाराच्या सहीची तारीख संगणकाला भविष्यातील वाटते. काही रुपयांचा सेल बदलला की वाट मोकळी होते. वर्कशॉपमध्ये धूळ, तेलाची वाफ आणि लोखंडाचा बारीक कीस यांनी पंखा चोंदतो. तो आधी साफ केला पाहिजे. दोन जीबी स्मृतीचा संगणक एक्सएफसीईसारख्या हलक्या मांडणीवर चालतो, पण आजची संकेतस्थळे त्याला जड जातात. स्मृती चार जीबी केली आणि फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली, तर त्याच संगणकाची चाल ओळखू येत नाही.

संगणक कचेरीपुरताच नसतो. जुन्या मिलिंग यंत्राला संगणकाकरवी चालविणारा ‘लिनक्ससीएनसी’ हा कार्यक्रम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून जन्मला. ते काम सरकारी पैशाने झाले, म्हणून सर्वांसाठी खुले राहिले. आज तो डेबियनच्या कोठारात आहे आणि पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणकही त्याला चालतो. येथे मात्र सावधगिरी दुप्पट हवी. सुधारणेनंतर योग्य कर्नेल बसला आहे ना, संगणकाची आज्ञा वेळेवर पोहोचते ना, हे मोजल्याखेरीज यंत्राला वीज देऊ नये. जे यंत्र इंटरनेटला जोडलेलेच नाही आणि बिनतक्रार चालते आहे, ते केवळ नव्याच्या हौसेखातर उघडू नये. नव्याची हौस ही देखील बाजाराने लावलेली सवय असू शकते.

आता आक्षेपांकडे वळू या. पहिला आक्षेप असा की, ही सार्वजनिक व्यवस्थाही जुन्या यंत्रांना सोडून देतेच. हे खरे आहे. इंटेलच्या जुन्या ३२-बिट प्रोसेसरसाठी तेराव्या आवृत्तीपासून डेबियनने कर्नेल आणि इन्स्टॉलर देणे बंद केले. २००६ मध्ये आलेला कोअर टू ड्युओ ६४-बिट असल्यामुळे वाचतो. त्याआधीचे बरेच संगणक वाचत नाहीत. परंतु दोन निर्णयांतील फरक पाहावा. येथे निर्णयाची चर्चा उघड होते आणि कारण सांगितले जाते: ते जुने यंत्र सांभाळण्यास हात उरले नाहीत. शिवाय वाट बंद होत नाही. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या युनिक्स-कुळातील कार्यप्रणाली ३२-बिट संगणकांसाठी आजही तयार होतात. आणि मूळ मजकूर खुला असल्यामुळे, ज्यांना गरज आहे त्यांनी एकत्र येऊन तो सांभाळण्यास कोणाची मनाई नाही. माणसे कमी पडल्याने यंत्र मागे राहणे वेगळे आणि सांभाळण्याचा हक्कच नसणे वेगळे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. हिशेबाचे प्रचलित कार्यक्रम पुष्कळदा विंडोजसाठीच बनविलेले असतात. हिशेबनीस त्यावर शिकलेला असतो आणि सीए तीच फाइल मागतो. हा अडसर खरा आहे, तो घोषणेने दूर होणार नाही. अशा ठिकाणी हिशेबाचा एक संगणक वेगळा ठेवून बाकीचे बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: फुकट मिळते ते खरोखर फुकट असते काय? नसते. परवान्याचे पैसे वाचतात, श्रम वाचत नाहीत. कोणीतरी टिपणे वाचतो, रविवार घालवितो, प्रिंटर पुन्हा चालू करतो. त्या श्रमाची किंमत ठरविली पाहिजे आणि दिली पाहिजे. ‘आपल्यातलाच पोरगा आहे, करील’ या वृत्तीने सार्वजनिक मालमत्ता टिकत नाही. ती एका थकलेल्या माणसाच्या पाठीवर उभी राहते आणि त्याच्याबरोबर खाली बसते. उलट, नव्या संगणकावर जो खर्च झाला असता त्याचा लहानसा भाग जरी या कामाच्या मजुरीवर गेला, तरी तो पैसा अंबडमध्येच राहतो आणि त्याबरोबर कौशल्यही राहते.

हे कौशल्य संघटितपणे वाढविता येते. केरळ राज्याने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त कार्यप्रणालीवर आणले. त्यामागचे बळ शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे होते. प्रत्येक वेळी कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागू नये म्हणून शिक्षकच ते काम शिकले. अंबडमध्ये याचे लहान रूप सहज शक्य आहे. आठ-दहा गाळ्यांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमावा. आयटीआय झालेल्या मुलामुलींना हे काम मजुरी देऊन शिकवावे. कामगार संघटनेच्या कचेरीत कार्यक्रमांचा संच उतरवून ठेवावा, म्हणजे प्रत्येकाला तो इंटरनेटवरून वेगळा आणावा लागणार नाही. आणि एक वही ठेवावी: कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती, केव्हा बदलली, काय अडले, कसे सुटले. अशी वही चार हातांत फिरली की ज्ञान एका माणसाचे राहत नाही.

डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीच्या भाषणात लहान यंत्राचा आग्रह धरला, त्याचा अर्थ केवळ यंत्राच्या आकारापुरता घेणे चुकीचे ठरेल. टेबलावर मावणारे यंत्रसुद्धा मोठ्या सत्तेचे दूरचे टोक असू शकते. यंत्र लहान तेव्हाच, जेव्हा ते वापरणाऱ्याला उघडता येते, दुरुस्त करता येते, आणि त्याच्या निवृत्तीचा दिवस त्याला स्वतः ठरविता येतो. मालकी हक्क पावतीवर लिहिलेला असतो. तो अंमलात येतो दुरुस्ती करणाऱ्या हातांमुळे. ते हात अंबडमध्ये आहेत. लोखंडाच्या यंत्राशी त्यांचा परिचय जुना आहे. संगणकाशी तो करून देणे हे संघटनेचे काम आहे.