शिक्षण सक्तीचे की शाळा सक्तीची? : फ्रान्समधील गृहशिक्षणाचा कायदा



शाळेच्या हीरक महोत्सवात शाळेत न जाणाऱ्या मुलांचा विषय निघावा, हे काहीसे विपरीत वाटेल. परंतु नोकरीनिमित्त मराठी कुटुंबे आज युरोपात वास्तव्यास जातात, आणि मूल शाळेत घालावे की घरी शिकवावे, हा प्रश्न तेथे केवळ घरातल्या घरात सुटत नाही. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाविषयी स्पष्ट तरतूद नाही. फ्रान्समध्ये मात्र त्याचे नियम तपशीलवार लिहिलेले आहेत.

२८ मार्च १८८२ रोजी ज्यूल फेरी यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. येथे शब्द नीट पाहावा: सक्ती शिक्षणाची होती, शाळेची नव्हे. पित्याने मुलास घरी शिकवले, तरी कायद्याचे समाधान होत असे. पुढे जवळजवळ १४० वर्षे ही मुभा टिकली. पालकांनी दरवर्षी केवळ सूचना द्यावी आणि शासनाने तपासणी करावी, अशी रीत होती.

ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी धार्मिक फुटीरतेविरुद्ध भाषण करताना घरी शिकणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक मुलांचा उल्लेख केला आणि ही मुभा आवळण्याचे जाहीर केले. २४ ऑगस्ट २०२१ च्या कायद्याने सूचनेच्या जागी परवानगी आली. सप्टेंबर २०२२ पासून ती लागू झाली. मोजक्यांच्या संशयापायी सर्वांनाच अर्जदार केले, ही पालकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. घटना परिषदेने मात्र गृहशिक्षण हा अध्यापनस्वातंत्र्याचा घटक नसून सक्तीचे शिक्षण देण्याचा केवळ एक प्रकार आहे, असे ठरवले.

आता तीन ते सोळा वर्षांच्या मुलासाठी परवानगी चारच कारणांनी मिळते. आजार अथवा अपंगत्व. क्रीडा किंवा कलेचा कसून सराव. कुटुंबाची भटकंती किंवा शाळेपासूनचे अंतर. आणि मुलाची स्वतःची विशिष्ट परिस्थिती. खरा वाद या चौथ्या कारणाचा. त्यासाठी लेखी शैक्षणिक योजना द्यावी लागते आणि शिकवणाऱ्याजवळ बॅकलोरिआ किंवा तत्सम पदवी असावी लागते. मूल सर्वसाधारण असेल, पण आईवडिलांना त्यास घरी शिकवावेसे वाटत असेल, तर ‘विशिष्ट’ म्हणजे काय, हे अधिकाऱ्याच्या आकलनावर अवलंबून राहते.

अर्ज १ मार्च ते ३१ मे या काळात करावा लागतो. दोन महिने उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे मानतात. सरकारी मौनाचा असा लाभ विरळाच! नकार आल्यास पंधरा दिवसांत आधी शिक्षण खात्याच्या समितीकडे दाद मागावी लागते, न्यायालय त्यानंतर.

परवानगीनंतरही देखरेख असतेच. तिसऱ्या महिन्यापासून पुढे वर्षातून किमान एकदा निरीक्षक येतो. नगरप्रमुखही कुटुंबाची स्वतंत्र चौकशी करवितो. मुलाची प्रगती दुसऱ्या तपासणीतही अपुरी ठरली, तर त्यास पंधरा दिवसांत शाळेत घालण्याचा आदेश निघतो. तो मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि ७,५०० युरो दंड होऊ शकतो. तपासणीचा भाग न्याय्यच आहे, कारण घरात शिक्षण चालले आहे की नुसते मूल घरी आहे, हे बाहेरच्या कोणी पाहिलेच पाहिजे.

हा कायदा परदेशी नागरिकांच्या तेथे राहणाऱ्या मुलांनाही लागू आहे. बदलीवर जुलै-ऑगस्टमध्ये पोहोचणाऱ्या मराठी कुटुंबाची अर्जाची मुदत बहुधा टळलेली असते. नंतरचा अर्ज प्रकृती, अंतर यांसारख्या मागाहून उद्भवलेल्या कारणांसाठीच. तेव्हा नगरपालिकेत जाऊन मुलाचे नाव जवळच्या सरकारी शाळेत घालणे, हाच सरळ मार्ग. मराठीची बाराखडी संध्याकाळी किंवा बुधवारी शिकवावी. त्या दिवशी तेथील बऱ्याच प्राथमिक शाळांना सुट्टी असते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.