कुंपण कोणी आखलं?
(युवक शिबिरातील भाषण)



महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी चालायचं, अस्पृश्याला नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हापासून पाण्याभोवती, रानाभोवती कुंपण दिसलं की आपला पहिला सवाल एकच : हे आखलं कोणी? कोणाला विचारून?

राजस्थानातल्या भरतपूरचंच घ्या. केवलादेव, पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. हे काय आपोआप उगवलेलं रान नव्हे. बांध घालून माणसांनीच तिथं पाणी अडवलं. पुढं राजानं बदकांच्या शिकारीचे सोहळे मांडले. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो आला. एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. गुन्हा? छे! तो आकडा दगडावर कोरून ठेवला.

मग गुन्हेगार कोण ठरलं? म्हशी चारणारा. १९८२ मध्ये उद्यानात चराईबंदी आली. आजूबाजूच्या गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरत होती. ती आता कुठं चारायची, हे गावाशी बसून ठरवलंच नाही. लोक खवळले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली.

बरं, पक्ष्यांचं तरी भलं झालं का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं तिथं वर्षानुवर्षं अभ्यास केला. निष्कर्ष काय निघाला? म्हशी पाणगवत खात होत्या म्हणून पाणी मोकळं राहत होतं. म्हशी हटल्या, गवत माजलं. पाणपक्ष्यांची जागा घटली. म्हणजे माणूसही मेला आणि पाखरूही उपाशी राहिलं. असलं हे नियोजन!

प्रत्येक रानात गुरं सोडा, असं माझं म्हणणं नाही. चराई कुठं रान मारते, कुठं तळं जगवते. ते त्या-त्या जागी बघावं लागतं, आणि तिथं राबणाऱ्याला विचारल्याशिवाय ते कळत नाही. वाघ मोजता, पाखरं मोजता. मग सरपण आणणारी बाई, गवत कापणारा भूमिहीन, यांची मोजदाद आराखड्यात का नाही?

भरतपूरच्या लोकांच्या हातात तेव्हा कायदा नव्हता. आज आहे. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानातसुद्धा लागू आहे. वन्यजीवांसाठी गाव उठवायचं तर आधी हक्क ठरवावे लागतात, ग्रामसभेची संमती घ्यावी लागते.

पण यात एक मेख आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. रानाकडेचा दलित याच खात्यात पडतो. ज्याच्या आज्याला पाटीला हात लावू दिला नाही, त्याच्याकडं आता आज्याच्या काळचा कागद मागतात!

तर ऐका. याच कायद्याच्या नियमात म्हाताऱ्याकोताऱ्यांची लिहून घेतलेली जबानीही पुरावा धरली आहे. दावा करणाऱ्याची स्वतःची चालत नाही, गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांची चालते. आपल्यातली शिकलेली पोरं हे काम का करत नाहीत? वही घ्या, वस्तीत जा, म्हातारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. आणि ग्रामसभेत चपलांपाशी बसू नका. नकाशा जिथं पसरलाय तिथं बसा.

जय भीम!