पिनकोडचा रकाना

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि मुस्लिम तरुण' असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. मी इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअर लिहितो, त्यावर माझं घर चालतं. म्हणून मी माझ्या एका कामाबद्दल बोलणार आहे. मोटारी विकणाऱ्या शोरूमसाठी आम्ही ग्राहकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो, त्याला धंद्यात सीआरएम म्हणतात. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. तीच तुम्हाला सांगायची आहे.

आधी हे सॉफ्टवेअर काय करतं ते बघू. तुम्ही शोरूममध्ये जाता किंवा वेबसाइटवर नंबर टाकता, की तुमच्या नावानं एक 'इन्क्वायरी' उघडते. नाव, मोबाइल, पत्ता, कोणतं मॉडेल, पेट्रोल की सीएनजी, जुनी गाडी एक्स्चेंजला आहे का, पैसे रोख देणार की कर्ज काढणार. पुढे टेस्ट ड्राइव्ह, कोटेशन, बुकिंग, फायनान्सची फाइल, विमा, आरटीओ पासिंग, डिलिव्हरी. प्रत्येक टप्प्याला तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. व्यवहार फिसकटला तर 'लॉस्ट' असा शेरा आणि त्याचं कारण. गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची प्रणाली डीलरकडे असतेच, पण ती कंपनीच्या सोयीची असते. डीलरला हवं असतं ते असं की, सकाळच्या मीटिंगमध्ये कालचा कोणता फोन कुणी केला नाही हे एका पानावर दिसावं. ते पान आम्ही त्याच्या गरजेप्रमाणे बनवून देतो.

या सगळ्याचा कणा म्हणजे हॉट, वॉर्म आणि कोल्ड ही वर्गवारी. लवकर घेणारा ग्राहक हॉट, त्याला तासाभरात फोन. नुसती चौकशी करणारा कोल्ड, त्याचा नंबर आठवड्याच्या यादीत जातो आणि तिथंच बऱ्याचदा राहतो. कोण हॉट आणि कोण कोल्ड हे सॉफ्टवेअर ठरवतं, असं शोरूममधली मुलं म्हणतात. ते खरं नाही. ते मी ठरवतो, म्हणजे मला जे सांगितलं जातं ते मी नियम म्हणून लिहितो.

ही गोष्ट आमच्या राज्यातल्याच एका शहरातल्या शोरूमची आहे. काम मिळालं तेव्हा मी खूश होतो. आमची कंपनी म्हणजे मी आणि माझा एक मित्र, दोघंच. सुरुवातीला मला माझ्या मुसलमान असण्याचा फायदाच झाला. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा होता. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या कागदांवर आडनावच नसतं. मग ऑपरेटर तिथं नुसतं टिंब टाकायचा किंवा वडिलांचं नाव घालायचा, आणि पुढे पॅन कार्डाशी नाव जुळत नाही म्हणून फायनान्सची फाइल अडकायची. शिवाय 'शेख' हे नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं, 'मोहम्मद' कुणी पूर्ण लिहितं, कुणी दोन अक्षरांत उरकतं. त्यामुळे एकाच माणसाच्या तीन नोंदी व्हायच्या आणि तीन सेल्समन त्याला फोन करायचे. मी आडनावाची सक्ती काढली, ओळख मोबाइल नंबरवर नेली, आणि 'पॅनवर जसं आहे तसं नाव' असा वेगळा रकाना केला. सेल्स मॅनेजर म्हणाले, "हे आमच्या आधीच्या माणसाला सुचलंच नव्हतं." त्याला सुचणार कसं? त्याच्या घरात हा प्रश्न कधी आलाच नसेल.

मग एक दिवस मॅनेजरनी मला एक यादी दिली. काही पिनकोड आणि त्याखाली काही मोहल्ल्यांची, वस्त्यांची नावं. म्हणाले, "हे निगेटिव्ह एरिया आहेत. फायनान्सवाले इथल्या फाइली उचलत नाहीत. इथून कर्जाची इन्क्वायरी आली की आपोआप कोल्डमध्ये टाका. पोरांचा वेळ वाया जातो." माणूस वाईट नव्हता. महिन्याच्या टार्गेटखाली दबलेला होता. मी यादी घेतली आणि त्याच दुपारी नियम लिहिला. जेमतेम पाच ओळींचा कोड. यादीतली नावं मला कळत नव्हती असं नाही. काम नवीन होतं, बिल निघायचं होतं, मी गप्प राहिलो.

नियम चालतो का हे बघायला खोटी इन्क्वायरी भरावी लागते. घाईत मी माझंच नाव टाकलं आणि अम्मीच्या घराचा पत्ता. पगारदार, स्वतःची जुनी गाडी एक्स्चेंजला, पंधरा दिवसांत घ्यायची आहे. सगळं हॉटचं लक्षण. बटण दाबलं आणि पडद्यावर निळ्या रंगात आलं, 'कोल्ड'.

नियम अगदी बरोबर चालत होता.

पिनकोडबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं, जे संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, यात पत्र हरवू नये म्हणून हे सहा आकडे आले. कुणापर्यंत तरी पोचता यावं म्हणून केलेली ही सोय. मी तिचा उपयोग, कुणापर्यंत पोचायचं नाही हे ठरवायला केला.

हे एका शोरूमपुरतं नाही. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही, बँका काही भागांना नकारात्मक क्षेत्र ठरवतात आणि तिथं कर्ज सहजासहजी मिळत नाही, याची नोंद आहे. पिनकोडमध्ये धर्म लिहिलेला नसतो, म्हणून नियम लिहिणाऱ्याला अपराधी वाटत नाही. आणि त्या यादीत फक्त आपले मोहल्ले नव्हते, दलित वस्त्याही होत्या, हेही आपण विसरू नये.

त्या रात्री मी जुन्या नोंदी काढून बघितल्या. यादीतल्या भागांतून गाड्या कमी विकल्या जात होत्या, हे खरं होतं. पण फोनची तारीख बघितली, तर त्यातल्या बऱ्याच लोकांना पहिला फोनच उशिरा गेला होता, काहींना गेलाच नव्हता. म्हणजे फोन करायचा नाही, म्हणून विक्री होत नाही, आणि विक्री होत नाही म्हणून फोन करायचा नाही. माझा नियम हे चक्र कायमचं पक्कं करणार होता. पुढच्या वर्षी कुणी आकडे मागितले असते, तर सॉफ्टवेअरनं प्रामाणिकपणे दाखवलं असतं की या भागात ग्राहकच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेलो. भाषण केलं नाही. तोच तक्ता दाखवला आणि म्हणालो, "सर, कर्ज द्यायचं की नाही हे बँकेला ठरवू द्या. नकाराची जबाबदारी आपण आपल्या अंगावर का घ्यायची?" त्यांनी मालकांना विचारलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. काम जाणार असं मी आणि मित्रानं गृहीत धरलं होतं. शेवटी नियम काढायची परवानगी मिळाली. त्याऐवजी आम्ही पहिला फोन किती वेळात गेला हे प्रत्येक भागासाठी दाखवणारा तक्ता केला, आणि फायनान्सचा नकार आला तर कोणत्या संस्थेनं, कोणत्या कारणानं, हे लिहिणं सक्तीचं केलं. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. एक सेल्समन अजूनही शेऱ्यात नुसतं 'एरिया' असं लिहितो. पण आता ते त्याच्या नावासकट दिसतं.

आता आपल्याकडे वळतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये 'निर्णय घेणारी व्यक्ती' असा एक रकाना होता. आपल्याच समाजातल्या एका शिक्षिकेनं स्वतःच्या पगारावर छोटी गाडी घ्यायची चौकशी केली. सेल्समननं त्या रकान्यात तिच्या भावाचा नंबर घेतला आणि सगळे फोन भावाला गेले. भावानं सांगितलं, "सध्या नको." इन्क्वायरी लॉस्ट. तिनं नंतर येऊन जाब विचारला, तेव्हा मला कळलं. तो रकाना मीच केला होता आणि महिलेचं नाव आलं की तो आपोआप उघडायचा, ही सोयही माझीच. पिनकोडचा अन्याय मला दिसला, कारण तो माझ्या घरावर आला. हा दिसला नाही, कारण तो माझ्यासारख्यांच्या घरातूनच निघाला होता. तो रकाना आता नाही. जिची इन्क्वायरी, तिलाच फोन.

तुम्हाला काही कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. कर्ज देताना धर्म, जात किंवा लिंग यांवरून भेदभाव करू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या आचारसंहितेत आहे. बँकेनं अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी मागा, ते देणं बँकेवर बंधनकारक आहे. 'एरियात बसत नाही' हे तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. वर्षातून एकदा तुमचा क्रेडिट रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून मोफत मिळतो, तो बघून ठेवा, म्हणजे नकाराचं खरं कारण तुमच्याकडे असेल. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानांचा उल्लेख आहे, आणि 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थानं, सेवा देणाऱ्यांसाठीही आहे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली संविधान सभेत स्पष्ट केलं होतं.

तुमच्यापैकी जे कॉम्प्युटर शिकताहेत, त्यांना एवढंच सांगतो. उद्या तुमच्याही हातात कुणीतरी एक यादी देईल. इस्पितळासाठी असेल, भाड्याच्या घरांसाठी असेल, नोकरीच्या अर्जांसाठी असेल. त्या दिवशी आधी त्यात आपल्या आईचा पत्ता टाकून बघा. मग आपल्या बहिणीचं नाव टाकून बघा. मग ज्या वस्तीत तुमचं कुणीच राहत नाही, तिथला पत्ता टाका. मी पहिलं चुकून केलं, दुसरं मला एका शिक्षिकेनं शिकवलं, तिसरं अजून शिकतोय.