रुग्णालयातील केर आणि आपले उत्तरदायित्व

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावर विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा निधी, वधूवर-सूचक केंद्र हे विषय शोभतात. रुग्णालयाच्या केराविषयी बोलणे काहींस अप्रशस्त वाटेल. तथापि आपल्या ज्ञातीत डॉक्टर, परिचारिका व औषधविक्रेते यांची संख्या अल्प नाही, आपले मंडळ दरवर्षी रक्तदान शिबिर भरविते, आणि मधुमेहाने तर आपल्या अनेक घरांत बिऱ्हाडच केले आहे. तेव्हा हा विषय परका मानण्याची सोय आपणांस उरलेली नाही.

प्रथम एक समज दूर करू. रुग्णालयातील सारा केर विषारी असतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यातील सुमारे ८५ टक्के केर आपल्या घरच्यासारखाच निरुपद्रवी असतो. घातक तो उरलेला १५ टक्के. परंतु रक्ताने माखलेला एक बोळा त्या साध्या केरात पडला, की सगळी टोपली घातक मानावी लागते. म्हणून या शास्त्राचे मर्म यंत्रांत नसून वर्गवारीत आहे, आणि तीही केर जेथे निर्माण होतो त्या खाटेपाशीच व्हावयास हवी. मागाहून निवडणे म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात त्यात घालणे होय.

आपल्या देशात यासंबंधीचे पहिले नियम १९९८ साली झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. त्यांत चार रंग सांगितले आहेत. शरीराचे अवयव, रक्ताळलेली पट्टी, मुदत सरलेली औषधे पिवळ्या पिशवीत. नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा तांबड्या पिशवीत. काच निळ्या खोक्यात. आणि सुया व पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पिवळ्यातील बराचसा केर भट्टीत जाळतात. तांबड्यातील मात्र जाळावयाचा नसतो. तो वाफेने निर्जंतुक करून, त्याचे तुकडे करून पुनर्वापरास धाडावयाचा असतो.

हा भेद उगाच केलेला नाही. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळले म्हणजे डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्ये निर्माण होतात. ती नष्ट व्हावीत म्हणून भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि वायू तेथे निदान दोन सेकंद थांबावा लागतो. रुग्णालयाच्या मागील आवारात काडी लावून पेटविलेल्या ढिगाऱ्यात यांतले काय साधणार? भट्टी नियमानुसार असली तरी तिचा धूर कोणाच्या तरी दारात जातोच. मुंबईत गोवंडीच्या रहिवाशांनी तेथील अशा प्रकल्पाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०२३ साली न्यायालयाने तो दोन वर्षांत अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. केर हलविता येतो. तो कमी करणे मात्र आपल्या वर्गवारीवरच अवलंबून आहे.

गुजरातेतील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस बी या काविळीची साथ पसरून अनेकांचे बळी गेले. वापरलेल्या सिरिंजा पुनःपुन्हा वापरल्याचा तो परिणाम होता. न तोडता टाकलेली सिरिंज भंगारात जाते आणि धुऊन परत बाजारात येऊ शकते, हे तेव्हा देशाला कळले. वापरताक्षणीच सुई कापून टाकण्याचा आग्रह यासाठीच.

आता आपल्या घरांकडे वळू. इन्सुलिनची सुई कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकली, की ती कोणाच्या बोटात शिरते? आमच्या या समाजात केर उचलण्याचे काम कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे आपणांस ठाऊक आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना तरी ही गोष्ट गिळून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्या कामगारास सुई टोचल्यावर कावीळ, एच.आय.व्ही. यांच्या तपासण्या आणि त्या निकालांची वाट पाहण्याचे दिवस भोगावे लागतात. आपण तोवर ती सुई विसरूनही गेलेलो असतो.

घरच्या सुया फिरकीच्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवाव्यात, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे, आणि बरणी भरत आली म्हणजे आपल्या डॉक्टरांस विचारून त्यांच्याकडील पांढऱ्या डब्याच्या वाटेने धाडावी. ज्ञातीतील डॉक्टरांनी यास नकार देऊ नये, अशी आमची विनंती आहे. उरलेली प्रतिजैविके मोरीत ओतू नयेत. सांडपाण्यात ती मिसळली म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जातात. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास झाडू फिरवू नये. खिडक्या उघडून, हातमोजे घालून, कागदाच्या कपट्याने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.

शेवटी मंडळापुढे एक सूचना. रक्तदान व लसीकरण शिबिरेही २०१६ च्या नियमांच्या कक्षेत येतात. येत्या शिबिरात सुया व बोळे कोणती रक्तपेढी परत नेणार हे आधीच लेखी ठरवावे, खर्चपत्रकात डबे व पिशव्यांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी, आणि मांडव उतरण्यापूर्वी सारा केर रवाना झाला की नाही हे पाहण्याचे काम कार्यकारिणीच्या एका सभासदाकडे नावानिशी सोपवावे.