क्लचची जुळणी

१९५५च्या सुमारास मद्रास येथें बुलेट मोटारसायकलीची जुळणी सुरू झाली. त्या पिढीच्या गाडीचा क्लच उघडणें सोपें; तो परत बसवितांना मात्र कसोटी लागते. क्लचचें काम धरण्याचें आहे तितकेंच सोडण्याचेंहि आहे, हें तेव्हां विसरून चालत नाहीं.

इंजिनाची शक्ति दुपदरी साखळीवाटे क्लचकडे व तेथून गिअरबॉक्सकडे जाते. या साखळीला उघडणारी कडी नसते. म्हणून इंजिनाचें लहान स्प्रॉकेट, साखळी व क्लचचें मोठें स्प्रॉकेट हीं तिन्ही एकदमच आंत सरकवावीं. नंतर घर्षणाच्या व पोलादाच्या प्लेटा एकाआड एक रचाव्या. पोलादी प्लेट आधीं सपाट कांचेवर ठेवून पाहावी. डुगडुगल्यास ती वांकलेली समजावी.

स्प्रिंगा शेजारीं शेजारीं उभ्या करून त्यांची उंची ताडून घ्यावी. त्यांचे स्क्रू आळीपाळीनें, थोडेथोडे आवळावे. मग लिव्हर दाबावा: वरची प्लेट चोहोंकडून सारखी उचलली गेली पाहिजे. ती तिरपी उचलली, तर प्लेटा सुटत नाहींत. घाटांत पुढची लॉरी थांबली, तरी आपली गाडी तिच्याकडे ओढ घेतच राहते.

साखळीला मध्यभागीं सुमारें पाव इंच ढील ठेवावी, आणि ती सर्वांत ताठ लागेल तेथेंच मोजावी. कारण साखळी सर्वत्र सारखी झिजत नाहीं. फार ताणल्यास बेअरिंगें खराब होतात. शेवटीं झांकण लावून तेल भरावें. निघण्यापूर्वीं इंजिन बंद ठेवून गिअर घालावा, लिव्हर दाबावा व गाडी ढकलून पाहावी. ती सहज चालली, म्हणजे जुळणी साधली.