निळ्या खड्याचें मोल

जवाहिऱ्याच्या पेढीवर बसला म्हणजे एरवीं भोळा असणारा गृहस्थहि मोठा चौकस होतो. खड्याचें पाणी कसें आहे, वजन किती भरतें, आंत तडा अगर डाग नाहीं ना, तो कोणत्या ग्रहाला मानवतो, हें सारें तो खोदखोदून विचारतो. चार पेढ्या हिंडून भावाची खात्री करून घेतो. परंतु हा खडा भूमीच्या पोटांतून कोणीं काढला आणि काढणाऱ्याच्या पदरांत काय पडलें, हा प्रश्न सहसा त्याच्या ओठांवर येत नाहीं. खणणारा आणि लेणारा यांच्यामध्यें समुद्र असतो आणि दलालांची लांबलचक रांग असते. त्या रांगेच्या एका टोकाला उभें राहिलें असतां दुसरें टोक दिसत नाहीं.

ही रांग कशी असते हें टांझानाइट या रत्नाच्या हकीकतीवरून चांगलें कळतें. पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशांत, किलिमांजारो पर्वताच्या दक्षिणेस मेरेलानी नांवाच्या टेकड्या आहेत. हा मुलूख मसाई गुराख्यांचा. जगांत अन्यत्र कोठेंहि न मिळणारें हें रत्न या टेकड्यांच्या कांहीं मैलांच्या पट्ट्यांतच सांपडतें. मूळ खडा बहुधा मातकट, तपकिरी असतो. त्याला पांचशें अंशांहून अधिक उष्णता दिली म्हणजे तो निळाजांभळा होतो.

१९६७ सालीं हें रत्न प्रथम उजेडांत आलें. त्याच्या शोधाचें श्रेय दोघांना दिलें जातें. एक त्याच देशचा जुमान्ने न्गोमा, आणि दुसरा अरुशा शहरीं शिवणकाम करणारा मूळचा गोमंतकीय मॅन्युएल डिसोझा. १९६८ सालीं न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीनें त्या रत्नास देशाचें नांव देऊन तें बाजारांत आणलें आणि पाहतां पाहतां त्याची कीर्ति झाली. न्गोमाला मात्र बक्षिसासाठीं २०१८ सालाची वाट पाहावी लागली. त्या वर्षीं राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनीं त्याला दहा कोटी शिलिंग दिले. तोंवर तो वृद्ध आणि आजारी झाला होता. रत्न पन्नास वर्षें जगभर मिरवलें. शोधणारा तितकीं वर्षें मागें राहिला.

खाणींत उतरणाऱ्यांची कथा याहून कठीण आहे. लहान खाणींतील मजुरांना ठराविक वेतन बहुधा नसतें. मालक अन्न पुरवितो आणि रत्न सांपडलें तर त्यांतला लहानसा वांटा मिळतो. महिनोन्महिने कांहींच न सांपडलें तर श्रम मातीमोल. शेंकडों फूट खोल, अरुंद विवरांत शिसपेन्सिलींतल्या ग्राफाइटच्या भुकटीनें काळेठिक्कर होऊन हे लोक वर येतात, आणि दगडाची धूळ फुप्फुसांत सांठून पुढें छातीच्या रोगांनीं जर्जर होतात. चिंचोळ्या भेगांतून सरपटण्यासाठीं पूर्वीं मुलांनाहि आंत सोडीत. त्यांना ‘न्योका’ म्हणजे साप असें म्हणत. १९९८ आणि २००८ सालीं अतिवृष्टीचें पाणी विवरांत शिरलें आणि अनेक मजूर आंतल्या आंत बुडून मेले.

हें ऐकून सहृदय माणूस म्हणेल कीं, असला खडा घरांत नकोच. पण हा मार्ग दिसतो तितका निर्मळ नाहीं. २००१ सालच्या अखेरीस, या रत्नाच्या व्यापारांतून दहशतवाद्यांना पैसा पोंचतो अशी बातमी अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. मोठ्या पेढ्यांनीं विक्री तत्काळ थांबविली आणि भाव कोसळले. पुढें अमेरिकन सरकारला त्या आरोपास पुरावा आढळला नाहीं. मधल्या काळांत पेढ्यांनीं दुसरीं रत्नें विकलीं. विवरांतल्या मजुराजवळ विकण्यास दुसरें कांहींच नव्हतें. पाठ फिरविल्यानें खरेदी करणाऱ्याचें मन स्वच्छ राहतें, पण खणणाऱ्याची चूल विझते.

मग उपाय कोणता? टांझानियाच्या सरकारनें आपल्या परीनें कांहीं योजिले. २०१० च्या कायद्यानें एक ग्रॅमहून जड असा कच्चा खडा देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. तोंवर पैलू पाडण्याचें बरेचसें काम आपल्या जयपुरास होत असे. तें काम अरुशांतील तरुण-तरुणींच्या हातांना मिळावें हा हेतु. २०१८ सालीं चोरटा व्यापार रोखण्यासाठीं खाणींच्या मुलखाभोंवतीं सुमारें चोवीस किलोमीटरांची भिंत उभी राहिली. महसूल वाढला, परंतु दारावर होणाऱ्या अंगझडतीचा जाच मजुरांनाच सोसावा लागला. २०२० सालीं सनिनिऊ लैझर या लहान खाणमालकाला सव्वानऊ आणि पांच किलोंहून अधिक वजनाचे दोन खडे लाभले. सरकारनें ते ७७४ कोटी शिलिंगांना घेतले आणि त्यानें गांवांत शाळा बांधण्याचें जाहीर केलें. गोष्ट आनंदाची खरी. पण एकाचें नशीब उघडणें हा हजारोंना मिळालेला न्याय नव्हे.

अधिक आशादायक असें काम लहानशा पुस्तिकेनें केलें आहे. खणणाऱ्याला आपल्या हातांतील खड्याची पारख नसते, म्हणून दलाल सांगेल ती किंमत तो घेतो. स्वाहिली भाषेंतहि दलालाला ‘दलाली’ असेंच म्हणतात. शब्दाप्रमाणें धंद्याची रीतहि सर्वत्र सारखीच. अमेरिकेंतील एका रत्नशास्त्र संस्थेनें स्वाहिलींत सचित्र पुस्तिका तयार करून २०१७ पासून टांझानियांतील खाणकामगारांना, त्यांत पुष्कळशा स्त्रियांना, कच्च्या खड्यांची प्रतवारी शिकविण्यास आरंभ केला. पुढें ‘मोयो’, म्हणजे हृदय, या नांवाच्या उपक्रमांत परदेशी खरेदीदार स्वतः गांवच्या बाजारांत येऊन या स्त्रियांकडून खडे घेऊं लागले. दान देऊन माणूस चार दिवस जगतो. पारख दिली तर त्याला भाव करतां येतो.

ग्राहकाच्या हातींहि कांहीं आहे. हिऱ्यांसाठीं २००३ पासून किंबर्लीच्या नांवानें ओळखली जाणारी दाखल्याची पद्धति आहे. पण ती केवळ कच्च्या हिऱ्यांपुरती, आणि तींत विचार होतो तो बंडखोरांच्या युद्धाचा. मजुराचा वांटा अगर त्याचें आरोग्य यांचा नव्हे. रंगीत रत्नांना तर तेवढाहि दाखला नाहीं. म्हणून विचारणें ग्राहकालाच प्राप्त आहे. खडा कोणत्या खाणींतला, किती हातांतून आला, मूळच्या गांवीं काय राहिलें, हे प्रश्न एकानें विचारले तर जवाहिऱ्या हंसून सोडील. दहांनीं विचारले तर तो आपल्या घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि शंभरांनीं विचारले तर उत्तर देणें हाच त्याच्या धंद्याचा भाग होईल.

आपल्याकडे लेकीला दागिना देतांना तो शुद्ध असावा अशी आईची इच्छा असते. सोन्याची शुद्धता कसोटीच्या दगडावर कळते. खड्याची ही दुसरी शुद्धता कळण्यास विचारण्यावांचून दुसरी कसोटी नाहीं.